कुरळी म्हणून घेतलेली घोडी : अलिबाग किनाऱ्यावरचं एक प्रकरण

मी रायगड जिल्ह्यात पशुवैद्यकाचं काम करतो. रोजचं काम गाई-म्हशींचं, अधूनमधून किनाऱ्यावरच्या घोड्यांचं. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव कुठेही दिलेलं नाही. घोडीचा आजार कसा ओळखला हे यात आहेच. तिच्या अंगावरच्या केसांकडे पाहून आम्ही सगळ्यांनी, मीही, जे विचारायला हवं होतं ते किती उशिरा विचारलं, हे जास्त आहे.

पार्श्वभूमी

अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातलं हे घर. नारळी-पोफळीची वाडी आणि तिच्यात पर्यटकांसाठी चार खोल्या. घरातल्या आजोबांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी चाळीस वर्षं घोडागाडी हाकली. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं न्यायची आणि भरती चढायच्या आत परत आणायची. काचबिंदूमुळे आता त्यांना जवळजवळ दिसत नाही. शेवटचा घोडा विकल्यापासून तबेला रिकामा होता.

नात अकरा वर्षांची. तिला दमा आहे. सात वर्षांची असताना काशिदच्या किनाऱ्यावर तिला घोड्यावर बसवलं, तर अर्ध्या तासात डोळे सुजले आणि छातीत घरघर सुरू झाली. बालरोगतज्ज्ञांनी त्वचेवरची चाचणी केली. घोड्याची ॲलर्जी ठळक निघाली. तेव्हापासून ती घोडे लांबूनच बघत आली. ज्या घरात घोड्यांच्या गोष्टींशिवाय जेवण होत नाही, तिथल्या मुलीला हे किती जड गेलं असेल ते मी नंतर पाहिलं.

तिच्या वडिलांनी (त्यांना भाऊ म्हणू) अमेरिकेतल्या कुरळ्या केसांच्या घोड्यांबद्दल वाचलं. हे घोडे ॲलर्जी असणाऱ्यांना चालतात, असं तिथे लिहिलं होतं. त्यांनी ओळखीच्या दलालाला विचारलं, आणि महिन्याभरात त्याच्याकडून फोटो आले. कुमेत (लालसर तपकिरी) रंगाची घोडी, पोटाखाली, जबड्याला आणि पायांना लांब लाटदार केस. ‘कर्ली ब्रीड, आई परदेशातून आलेली, वय आठ, छातीवर देवमण भोवरा.’ देवमण म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा. डिसेंबरात २ लाख ८० हजारांना व्यवहार झाला.

घोडी उतरवली त्या संध्याकाळी अण्णांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. डोळ्यांच्या वरच्या खळग्यांत त्यांचा अंगठा रुतला. ते मुलाला म्हणाले, “आठाची न्हाय रं ही. म्हातारी हाय.” भाऊंना वाटलं, अण्णांना दिसत नाही आणि अशी जात त्यांच्या हाताखालून कधी गेलेली नाही. विषय तिथेच मिटला. या प्रकरणातला निर्णयाचा पहिला क्षण हाच होता.

अडचण

मला बोलावणं आलं एप्रिलच्या शेवटी. तक्रार अशी : घोडी सावलीत उभी असतानाही घामाने निथळते, अंगाला वास मारतो, खरारा केला तर पोटाखालची कातडी लाल दिसते.

मी गेलो तेव्हा कोकणातला वैशाख ऐन भरात होता. अंगावर पातळ सदरा नकोसा होतो अशा दमट उन्हात ही घोडी घोंगडी पांघरल्यासारखी उभी होती. भाऊंनी सांगितलं, जातच कुरळी आहे. मी ते मान्य केलं. पुस्तकात वाचलेली, प्रत्यक्ष कधी न पाहिलेली जात समोर आहे या कुतूहलाने मला गाफील केलं, हे आज स्पष्ट दिसतं. सर्राचा (चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीच्या आजाराचा) संशय नको म्हणून रक्ताची काच तपासली, ती स्वच्छ आली. शेणाची तपासणी करून जंताचं औषध दिलं, कातडीसाठी औषधी स्नान लिहून दिलं आणि निघालो. दातांना हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. कातडी सुधारली होती, पण घाम तसाच. आणि नातीने ओट्यावर बसून वहीत एक नोंद ठेवली होती : घोडी रोज किती बादल्या पाणी पिते. पाच, सहा, पाच, सहा, सात. पंधरा लिटरची बादली. घोडी अंदाजे ३४० किलोची. तिच्या वजनाच्या जनावराला कडक उन्हाळ्यातही तीनेक बादल्या पुरतात. ती वही हातात घेतल्यावर माझा विचार कातडीवरून उठला.

कुरळी जात म्हणजे काय

इथे थोडं थांबून त्या जातीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी उकल त्यावर आहे.

कुरळ्या घोड्यांची नोंदलेली कहाणी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातली. १८९८ मध्ये तिथल्या डामेली कुटुंबाला मोकाट घोड्यांच्या कळपात अंगभर घट्ट कुरळे केस असलेले घोडे दिसले. १९३२ च्या भयंकर हिवाळ्यात इतर घोडे मेले आणि हे कुरळे तगले, म्हणून त्या कुटुंबाने ते जाणीवपूर्वक वाढवले. जातीची नोंदवही १९७१ मध्ये सुरू झाली. नावाला ‘बश्कीर’ जोडलं गेलं ते रशियातल्या बश्कीर घोड्यांशी नातं असल्याच्या गैरसमजातून.

हे केस जनुकांतून येतात. केआरटी२५ आणि एसपी६ या दोन जनुकांतले बदल २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले. त्यामुळे शिंगरू जन्मतःच कुरळं असतं. पापण्या कुरळ्या, कानाच्या आतले केस कुरळे, अयाळ वळ्यावळ्यांची. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं : उन्हाळा आला की हा घोडा इतर घोड्यांसारखाच केस टाकतो. अंग सपाट किंवा किंचित लाटदार होतं, काहींची अयाळही गळते. थंडीत पुन्हा कुरळं होतं. म्हणजे खरी कुरळी घोडी मे महिन्यात अलिबागला घोंगडी पांघरून उभी राहणार नाही.

ॲलर्जीचं म्हणणंही तपासून पाहिलं गेलं आहे. घोड्याची ॲलर्जी मुख्यतः त्याच्या लाळेतल्या, घामातल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. केस सरळ की कुरळे याचा त्या प्रथिनांशी थेट संबंध नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींच्या घोड्यांच्या केसांतलं आणि आसपासच्या हवेतलं या प्रथिनांचं प्रमाण मोजलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुरळ्या घोड्यांच्या केसांतलं प्रमाण कमी निघालं नाही, उलट जास्त होतं. काही माणसांना या घोड्यांजवळ त्रास कमी होतो असे अनुभव आहेत, पण दम्याच्या मुलीसाठी त्यावर विसंबणं मी कुणालाही सांगणार नाही.

निदानाकडे

दुसऱ्या भेटीत मी आधी पापण्या पाहिल्या. सरळ. कानाच्या आत बोट घालून केस पाहिले. सरळ, फक्त लांब. अयाळ साधी. छातीवरचा ‘देवमण’ म्हणजे लांब केसांचा गुंता होता. विंचरल्यावर तो गेला.

मग ओठ वर केला. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर एक उभी खाच असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या अर्ध्यापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. या घोडीची खाच वरपासून खालपर्यंत होती. दातावर ओघळ उतरल्यासारखी तपकिरी रेघ. मी भाऊंचं बोट धरून त्यावरून फिरवलं. त्यांनी मान खाली घातली. अण्णा तबेल्याच्या दारात काठी धरून उभे होते, काही बोलले नाहीत.

विशीच्या आसपासची घोडी, पाठ खचलेली, पुठ्ठ्यांचं मांस उतरलेलं, पोट मात्र सुटलेलं, पाणी आणि लघवी जास्त, केस झडत नाहीत. हे चित्र पीपीआयडी या आजाराचं आहे, ज्याला लोक घोड्याचा कुशिंगही म्हणतात. वयाबरोबर मेंदूतल्या डोपामिन पुरवणाऱ्या पेशी झिजतात. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मधल्या भागावरचा लगाम सुटतो आणि तो भाग भरमसाट संप्रेरकं सोडू लागतो. दिवस मोठा होऊ लागला की केस टाकायचे, हा शरीराचा हिशेब यात बिघडतो. आजार दुर्मीळही नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत १५ वर्षांवरच्या घोड्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांना तो सापडला.

खात्रीसाठी रक्तातलं एसीटीएच, म्हणजे याच ग्रंथीतून सुटणारं एक संप्रेरक, मोजलं. नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेऊन, बर्फात ठेवून, लगेच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा करून मुंबईला पाठवावा लागला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात ही पातळी निरोगी घोड्यांतही वर जाते. नमुना मे महिन्यातच गेला हे बरं झालं. पातळी मर्यादेच्या बरीच वर आली.

समोर असलेले पर्याय

घरात दोन दिवस चर्चा चालली. मलाही बसवून घेतलं.

घोडी दलालाला परत करावी, हा भाऊंचा पहिला विचार. त्यात धोका दिसत होता. तो तिला थंडीत पुन्हा ‘कर्ली’ म्हणून विकणार, आणि मधल्या काळात ती कुठे, कशी उभी राहणार ते कुणी सांगावं. खरं सांगून कमी किमतीत दुसऱ्याला विकावी, तर विशीतली आजारी घोडी घेणारा तिला गाडीलाच जुंपणार. केसांच्या मुळांवरून परदेशातून जनुक-चाचणी करून घ्यावी, असंही भाऊंच्या मनात आलं. पापण्या, कान आणि मे महिन्यातलं अंग पाहिल्यावर त्या खर्चाने नवीन काही कळणार नव्हतं, म्हणून मी नको म्हटलं. तो पैसा औषधाला लागणार होता.

राहिला पर्याय ठेवून घेण्याचा. यावर पर्गोलाइड हे मान्य औषध आहे, ते रोज आणि आयुष्यभर द्यावं लागतं. आजार त्याने जात नाही, आटोक्यात राहतो. शिवाय वर्षातून दोन-तीनदा अंग भादरणं, खुरांची काळजी, गोड पूर्ण बंद. मी खर्चाचा आकडा स्पष्ट सांगितला. अण्णा म्हणाले, “दारात आलेलं जनावर हाय. घोडागाडीनं हे घर उभं केलंय.” भाऊंनी होकार दिला. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसराच प्रश्न होता, तो नातीचा. ठेवलेली घोडी म्हणजे त्याच आवारात राहणारी ॲलर्जी. बालरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय निर्णय पक्का करू नका, असं मी सांगितलं. त्यांनी अटी घातल्या : तबेला घरापासून वाडीच्या टोकाला, मुलीने तिथे जायचं नाही, घोडीला हात लावणाऱ्याने कपडे बदलूनच घरात यायचं, मुलीची औषधं नियमित.

भादरण्याचा दिवस

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, अंग भादरलं. असे केस पावसात भिजले की दिवस दिवस वाळत नाहीत आणि कातडीत बुरशी-जिवाणूंचा शिरकाव होतो. तबेला अजून जुन्याच जागी, परसदारी होता. नवा गोठा बांधून व्हायला आठवडा होता आणि आभाळ भरून येत होतं. मी म्हटलं, उरकून टाकू.

मशीन चालू झालं तसे केसांचे पुंजके जमिनीवर पडू लागले. ओली लोकर पिंजल्यासारखे. दुपारी वारा सुटला आणि तो कोंडा, ते केस सगळ्या अंगणात पसरले. नात माडीवर खिडकीत बसून बघत होती. खिडकी उघडी होती. संध्याकाळी तिला जोराचा दमा लागला, रात्री दवाखान्यात नेऊन नेब्युलायझर द्यावा लागला. सकाळपर्यंत ती सावरली.

ही चूक माझी. पर्यायांची चर्चा करताना ॲलर्जीचा मुद्दा मीच मांडला होता, आणि कामाच्या दिवशी घोडीच्या कातडीपलीकडे मला काही दिसलं नाही. मुलीला दोन दिवस मामाकडे पाठवणं एवढंच करायचं होतं. मी त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर भाऊंशेजारी बसलो होतो. ते मला काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

नारळी पौर्णिमा

औषध यायला सहा आठवडे लागले. जुलैत सुरू झालं. पाण्याच्या बादल्या हळूहळू चारवर आल्या. सगळ्यांना हायसं वाटलं आणि तिथेच पथ्य सैल झालं. नारळी पौर्णिमेला अण्णा आपल्या घोड्याला दरवर्षी नारळी भात भरवत. त्यांनी या वर्षीही भरवला, चांगला परातभर. घरच्या बाईंनी गुळाचा खडाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. खूर गरम, घोट्याखाली नाडी उडताना बोटाला लागत होती. लॅमिनायटिस. खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी बांधणारे पापुद्रे सुजतात, आणि उशीर झाला तर हाड खुरात खाली सरकतं. पीपीआयडीच्या पुष्कळ घोड्यांत इन्सुलिनही बिघडलेलं असतं, त्यांना गूळ-भात म्हणजे विषच.

पहिले दोन-तीन दिवस पाय अखंड थंड ठेवणं यात मोलाचं. बंदरावर मासेमारी नुकतीच सुरू झाली होती. अण्णांच्या ओळखीच्या कोळी मंडळींनी मासळीसाठीचा चुऱ्याचा बर्फ टेम्पोने पाठवला. निळे बॅरल अर्धे कापून त्यांत पुढचे पाय घोट्याच्या वरपर्यंत बुडवले आणि दोन दिवस-दोन रात्री पाळ्या लावून बर्फ घालत राहिलो. नंतर मासळीच्या पेट्यांचा जाड थर्माकोल खुराच्या आकारात कापून चिकटपट्टीने तळाला बांधला, म्हणजे भार सगळ्या तळव्यावर वाटला जातो. जांभ्याच्या फरशीवर लाकडाच्या भुशाचा ढोपरभर थर टाकला. वेदनाशामक चालू होतंच. पाचव्या दिवशी ती आपणहून चार पावलं चालली. अण्णा भुशावर तिच्या पायांशी बसून होते.

पैशाचा भाग

हा थोडक्यात सांगतो. दलालाचे मोबाइलवरचे संदेश भाऊंनी जपून ठेवले होते, त्यांत जात आणि वय लिहिलेलं होतं. वकिलांनी सांगितलं की वर्णनावरून केलेल्या विक्रीत माल वर्णनाप्रमाणे असावाच लागतो, हे १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात आहे. नोटीस गेली. शेवटी तडजोडीत १ लाख १० हजार परत मिळाले. भाऊंनी ते घोडीच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवले.

काय वेगळं करता आलं असतं

घेण्याआधी परदेशी जातीची कागदपत्रं मागायला हवी होती. आयात झालेल्या घोड्यामागे परवाना, आरोग्य प्रमाणपत्र, सरकारी विलगीकरण केंद्रातला मुक्काम असा माग असतो. ‘आई परदेशातली’ म्हणणाऱ्याला आईचा कागद विचारला असता तर बोलणं तिथेच थांबलं असतं. व्यवहार थंडीत झाला, हेही महत्त्वाचं. ‘हिचा गेल्या मे महिन्यातला फोटो दाखवा’ एवढा एक प्रश्न पुरला असता. आणि नातीला आधी कुठल्याही घोड्याजवळ नेण्याचा विचार तिच्या डॉक्टरांना विचारून व्हायला हवा होता.

अण्णांचा अंगठा पहिल्या संध्याकाळीच बरोबर जागी पोचला होता. ते आंधळेपणाने बोलतात असं घरात वाटलं, आणि मला तर कुणी ते सांगितलंही नाही, कारण मी विचारलं नाही. हल्ली कुठेही गेलो की जनावराला सर्वांत जास्त हाताळलेल्या माणसाला मी आधी विचारतो आणि मग पिशवी उघडतो. घोड्याचे दात पाहिल्याशिवाय तर मी परतच येत नाही.

नारळी भाताचा दोष मी अण्णांना देत नाही. ‘गोड बंद’ असं मी भाऊंना सांगितलं होतं, अण्णांना नाही. पथ्य भरवणाऱ्या हाताला सांगायचं असतं.

सध्या

घोडीला आता दुसरा हिवाळा सुरू आहे. केस पुन्हा वाढले, ऑक्टोबरच्या उन्हात एकदा भादरले. त्या दोन दिवसांत नात पेणला मामाकडे होती. पुढची तारीख भाऊंनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवली आहे. नालबंद दर सहा आठवड्यांनी खूर करतो. पुढच्या खुरांवर त्या आजारपणाची एक कडा अजून आहे, ती वाढत वाढत निम्म्यावर उतरली आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, गाडीला ती लागत नाही.

नातीला मात्र ती मिळाली नाही, आणि याची भरपाई आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. डॉक्टरांच्या अटी ती पाळते. रोज संध्याकाळी अण्णा वाडीच्या टोकावरून हाक मारतात, “बायो, लिही.” ती ओट्यावरून वही उघडते. मी गेल्या भेटीत पाहिली, त्या पानावर लिहिलं होतं : तीन बादल्या, आणि अर्धी सांडली.